सोपानमामाने सजवलेला बेस

मामा गेल्यापासून त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलायचं नाही असं आमच्या नात्यात ठरलेलं दिसतं. त्याच्या गावच्या चौकात फ्लेक्स लागला. फेटा बांधलेला मामा आणि खाली 'दिलदार व्यक्तिमत्त्व'. नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेली चित्रं येत राहिली. आईला भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "लई जीव लावनारा मानूस हुता." आई डोळ्याला पदर लावते आणि मी उठून आत चहा टाकायला जाते, कारण बाहेर बसले तर माझ्या तोंडून काहीतरी निघेल. जीव लावायचा हे खरंच आहे. पण त्याने जीव लावलेल्या गोष्टींचं पुढे काय झालं ते कुणी फ्लेक्सवर छापत नाही, म्हणून मला लिहावं लागतंय.

सोपानमामा हेडी होता. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला मधला माणूस. याचा बैल त्याला, त्याची गाय याला, आणि साधलं तर तीच गाय शिंगांचा रंग बदलून पुन्हा पहिल्यालाच. काष्टीचा बाजार म्हणजे त्याचं सासर, माहेर आणि देऊळ. पांढरा नेहरू शर्ट, धोतर, खांद्यावर उपरणं. हे उपरणं घाम पुसायला, तंबाखूचे हात पुसायला आणि सौद्याला. जुने हेडी भाव तोंडाने बोलत नाहीत. समोरच्याचा हात उपरण्याखाली ओढून घेतात आणि बोटं दाबून काय ते ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्या मालकाला फक्त उपरणं हललेलं दिसतं.

त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. त्याच नखाने तो कान कोरायचा, त्याच नखाने चुना काढायचा आणि त्याच नखाने समोरच्या वस्तूवर ओरखडा काढून माल खरा की खोटा ते बघायचा. आमच्या नव्या फ्रीजवर, माझ्या लग्नातल्या कपाटावर, शेजाऱ्यांच्या गाडीच्या टाकीवर त्याने असे ओरखडे काढून ठेवले आहेत. जेवायला बसला की ताकाची सायही त्याच नखाने बाजूला करायचा. मी लहानपणापासून त्याच्या पंगतीत जेवायचं टाळत आले. आईला वाटायचं मी लाजते.

मामाला आमच्याकडे अरेतुरे चालतं, पण त्याचा मान मोठा. आईला पाठचा भाऊ एवढा एकच. त्यामुळे घरात काही विकायचं, घ्यायचं, ठरवायचं झालं की मामाला सांगावा जायचा, आणि नाही गेला तरी मामा यायचा. घरात कुठे सौदा शिजतोय याचा वास त्याला कुठून लागायचा कोण जाणे. चहाच्या वेळेला बरोबर दारात खोकल्याचा आवाज, मग अंगणात पिचकारी, मग हाक, "शैले, हायेस का घरात?"

लहानपणी आमच्याकडे तांबडी नावाची गाय होती. एका वर्षी वैरण परवडेना, तेव्हा तिला विकायचं ठरलं आणि मामा आला. आल्या आल्या म्हणाला, "आता बाजारापोतर हिची धार काढायची न्हाई." आईला कळेना. मामा म्हणाला, "कास तुंबली पायजे. मंग गिऱ्हाईक म्हनतं, बापरे, केवडी कास!" दुसऱ्या दिवशी तांबडीची कास दगडासारखी झाली होती. ती खाली बसेना, मागचे पाय फाकून उभी राहायची आणि घशातल्या घशात कण्हायची. आई म्हणाली, "सोपान, दुखतंय रे तिला." मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, अगदी मायेने, लेकराला थोपटावं तसा. "दुखू दे की," तो म्हणाला. "दुखल्याबिगर दिसत न्हाई." मग त्याने तिची शिंगं साळून गुळगुळीत केली, त्यांना लाल हिंगूळ लावला, गळ्यात घुंगरू बांधले आणि घेऊन गेला. जाताना ती मागे वळून हंबरली. मामाने तेही खपवलं. म्हणाला, "बघा, किती मायाळू जनावर हाय."

मी मोठी झाले, पाहुणे बघायला यायला लागले, तेव्हा मामा बैठकीत मध्यभागी. एकदा पाहुण्यांसमोर मी पोहे ठेवून वळले तर म्हणाला, "शैले, जरा दारापोतर जाऊन ये." मला वाटलं कुणी आलंय. गेले, परत आले. तोवर मामा पाहुण्यांना सांगत होता, "बघितलं न्हवं? चालीत कुटं खोट न्हाई." पाहुणे बिचारे खाली बघायला लागले. मुलाच्या वडिलांनी चहा अर्धा ठेवला. ते लग्न अर्थातच जमलं नाही. मामाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्या लोकांना मालाची पारख नव्हती.

"गिऱ्हाईक डोळ्यानं घेतं," हे त्याचं आवडतं वाक्य. "अक्कल घरी ठिवून येतं बाजारात. आपन त्येच्या डोळ्याला भरवायचं." हे तो इतक्या खात्रीने सांगायचा की आजूबाजूचे लोक माना डोलवायचे. माझ्या शाळेतले सरसुद्धा एकदा म्हणाले, "तुमचे मामा म्हणजे मार्केटिंगचा माणूस." मला त्या सरांचीही किळस आली.

आता विलासचं सांगते. विलास माझा धाकटा भाऊ. सुप्याला एका कारखान्यात मोटारींची वायंडिंग करतो, तांब्याची तार मोजून गुंडाळायचं काम. आमचं घर पारनेरला; मी तिथल्याच शाळेत शिकवते, सासरही गावातच, त्यामुळे माहेरी माझी रोजची चक्कर. विलास तरुणपणी नगरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे चार जाड तारांची ती मोठी गिटार. तिचा आवाज ऐकू कमी येतो आणि छातीत जास्त बसतो. ऑर्केस्ट्रा बंद पडला, विलास कारखान्यात चिकटला, पण बेस त्याच्या डोक्यातून गेला नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने स्वतःच बनवायला घेतला. पहिला बनवला तो ऑर्केस्ट्रातल्या एका मित्राला दिला, आणि तो पुढे टेम्पोतून पडून फुटला. दुसरा बनवायला त्याने वर्षानुवर्षं लावली.

त्यासाठीचं लाकूड त्याला राजूरच्या बाजारात मिळालं होतं. डोंगरातल्या एका म्हाताऱ्याने मोडलेल्या पलंगाची शिसवाची फळी विकायला आणली होती. काळपट, जड, आणि बोटाने ठोकली की घंटेसारखी वाजणारी. विलास ती फळी एसटीत मांडीवर घेऊन आला. त्याने एकाच फळीतून अंग आणि गळा कोरला, कुठे जोड नाही. गळ्यावर धातूचे पडदे बसवले नाहीत, नुसतं गुळगुळीत लाकूड, त्यामुळे बोट जरा इकडेतिकडे झालं तरी सूर हलायचा. तारांखाली आवाज पकडणारी वेटोळी त्याने कारखान्यातून सुटल्यावर स्वतःच्या हाताने गुंडाळली. आणि वरून रंग नाही, पॉलिश नाही, फक्त जवसाचं तेल. दर रविवारी तेल लावायचं, फडक्याने घासायचं, उन्हात नाही, सावलीत ठेवायचं. मागे तापल्या तारेने एक छोटा 'वि' डागलेला. शिसवाच्या रेषा त्याखाली अशा दिसायच्या की आईसुद्धा येता-जाता हात फिरवायची. तिला गिटार कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

विलासच्या एका सोबत्याने तो वाजवतानाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि तो फिरत फिरत पुण्याच्या केदार नावाच्या वादकापर्यंत पोहोचला. केदार मोठमोठ्या गायकांच्या मागे वाजवणारा. तो एका रविवारी गाडी घेऊन आमच्या घरी आला. विलासने बेस त्याच्या मांडीवर दिला. तो बराच वेळ एकच तार छेडत बसला. मग लाकडाला कान लावला. मग मान वर करून म्हणाला, "दादा, असा आवाज मी एका बेसवर ऐकला होता, पुढे तो फुटला. तो कुणी बनवला होता ते कुणालाच सांगता येत नव्हतं." विलास म्हणाला, "तो मीच केल्ता." मी इतकी वर्षं विलासला बघत आले, पण त्या दिवशी त्याचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

केदारला तो बेस विकत हवा होता. विलासलाही द्यायचा होता, कारण त्याच्या मते वाजवणाऱ्याकडे नसलेलं वाद्य म्हणजे नुसतं फर्निचर. आणि केदार म्हणाला होता, "हा माझ्या हातात दिसला की लोक विचारणारच. मी प्रत्येकाला तुमचं नाव सांगणार. मग तुम्हाला कारखान्यात जायची गरज उरायची नाही." कारखान्यातून सुटून फक्त वाद्यं बनवत बसायचं, एवढंच विलासला आयुष्यात हवं होतं. ते त्या दिवशी आमच्या ओटीवर चहाच्या कपांच्या बाजूला येऊन बसलं होतं.

आणि अंगणात खोकल्याचा आवाज झाला.

मामा आला, बसला, चहा बशीत ओतून प्यायला. काय चाललंय ते आईने सांगितलं. मामाने बेसकडे बैलाकडे बघावं तसं पाहिलं, पुढून, मागून, खाली वाकून. मग करंगळीचं नख बाहेर काढलं. विलास ओरडला, "मामा, नख लावू नको!" विलास कुणावर ओरडत नाही. मामाने नख मागे घेतलं, पण त्याच्या मनात माल कच्चा असल्याची नोंद झाली. मग त्याने काही न बोलता केदारचा हात धरला आणि उपरण्याखाली ओढला. केदारला वाटलं म्हातारे गृहस्थ आपुलकी दाखवतायत. त्यानेही मोकळ्या मनाने मामाचा हात दाबला. मामाचे डोळे विस्फारले. उपरणं जरा हललं. केदार परत हसून दाबू लागला. हात सुटल्यावर मामा उठून विलासच्या कानाशी जाऊन म्हणाला, "येडं हाय गिऱ्हाईक. आपुनच वर चढतंय." केदार जाताना मला हळूच म्हणाला, "तुमचे मामा फार प्रेमळ आहेत." 

पुढच्या रविवारी येऊन बेस घेऊन जायचं ठरलं. मधले दिवस विलास दुसऱ्या पाळीला जायचा. मामा पुन्हा आला तेव्हा घरात आई एकटीच होती. तो म्हणाला, "ताई, ते वाजवायचं दे. जरा अंगावर आनून देतो." अंगावर आणणं म्हणजे बाजारापूर्वी जनावर धुऊन, खाऊ घालून, तकतकीत करणं. आईने भावाला कधी कुठल्या वस्तूला नाही म्हटलं नव्हतं. विलासने रात्री विचारलं तर ती म्हणाली, सोपान पुसून-बिसून आणतो म्हणाला. विलासने मामाला फोन लावला. मामाने उचलला आणि म्हणाला, "येड्या, मी हाय ना," आणि ठेवून दिला. त्यानंतर फोन बंद. विलास सुट्टी टाकून त्याच्या गावी गेला तर मामा घरी नव्हता. मामी म्हणाली, कुठे गॅरेजला गेलेत. कुठल्या, ते तिला माहीत नव्हतं. नवऱ्याचा ठावठिकाणा तिने कधीच विचारलेला नव्हता.

रविवारी सकाळी मामा आला तो टेम्पोतून. मांडीवर बेस, आणि बेसवर बैलाची झूल. पोळ्याला घालतात ती, आरसे लावलेली. आधी वास आला. ताज्या रंगाचा, थिनरचा, घसा धरणारा वास. मामाने आईला पुढे बोलावलं, मला बोलावलं, विलासला बोलावलं, सगळे उभे राहिल्यावर झूल ओढली आणि म्हणाला, "बघा आता!"

लाल. हिंगुळासारखा भडक लाल. सुपा रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात त्या गॅरेजात नेऊन त्याने बेस पॉलिश पेपरने पार घासून घेतला होता. शिसवाच्या रेषा म्हणजे भेगा समजून त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेतली होती. वर स्प्रेने लाल मारला होता, कडेने सोनेरी पट्टे ओढले होते. मागचा डागलेला 'वि' हा डाग समजून बुजवला होता. वरच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, तिथे शिंगांना बांधतात तसे दोन गोंडे. आणि गळ्यावरचं ते गुळगुळीत लाकूड, ज्यावर विलासची बोटं सूर शोधायची, ते पेंटरने मशीनने सपाट करून त्याच्यावर जाड चमकी चढवली होती.

मला ओकारी आली. हे अलंकारिक नाही. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले तेव्हाही मामा सांगतच होता, कसं पेंटरच्या डोक्यावर उभं राहून त्याने काम करून घेतलं, कसे दोन हात मारायला लावले. "माज्या खिशातून केलं," तो म्हणाला. "भाच्याच्या मालाला म्या मागं फुडं बघितलं न्हाई." आणि ते खरं होतं. हेच तर मला आजवर पचत नाही. त्याने फसवायला केलं असतं तर मला शिव्या तरी मनापासून देता आल्या असत्या. त्याने हे प्रेमाने केलं होतं. तांबडीच्या पाठीवरून फिरला होता ना, त्याच हाताने.

विलास पुढे झाला. त्याने बेस हातात घेतला. रंग अजून ओला होता, बोटांचे ठसे उमटले. त्याने केदारला फोन लावला, पण तो तोवर शिरूर ओलांडून पुढे आला होता. मग विलास ओट्यावर बसून राहिला. आई आतून-बाहेरून करत राहिली. ती एकदाच म्हणाली, "सोपान, अरे त्याला विचारायचं तरी." मामा म्हणाला, "ताई, तुला न्हाई कळायचं. गिऱ्हाईक डोळ्यानं घेतं."

केदार आला. त्याने बेस पाहिला आणि दारातच थांबला. मामा पुढे झाला, "या साहेब! मागल्या टायमाला साधा बघितला, आता बघा कसा अंगावर आलाय." केदारने बेस घेतला. त्याच्या तळहाताला लाल रंग लागला. त्याने एक तार छेडली. मला सुरातलं काही कळत नाही, पण आधी तोच स्वर माझ्या छातीत जायचा, तो आता बंद खोलीतल्या आवाजासारखा आतच राहिला. केदारने गळ्यावर बोट सरकवलं, तार खरखरली. त्याने पुन्हा सरकवलं. मग बेस अलगद विलासच्या मांडीवर ठेवला.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"आमी," मामा छाती काढून म्हणाला.

केदार भला माणूस. त्याने चहा घेतला. मामाच्या उत्साहाला दोनदा "हो, हो" म्हणाला. मग विलासला बाजूला घेऊन म्हणाला, "दुसरा बनवाल?" विलास म्हणाला, "फळी कुठून आणू? तशी पुन्हा नाही मिळायची." केदार म्हणाला, मिळाली तर कळवा. आपण सगळेच असं म्हणतो, निघताना काहीतरी म्हणावं लागतं म्हणून. तो रुमालाने हाताचा रंग पुसत गाडीत बसला. मामा फाटकापर्यंत गेला आणि गाडी वळताच परत येऊन म्हणाला, "कच्चं गिऱ्हाईक. वाटलंच हुतं मला." अंगणात पिचकारी मारली, बशीतला उरलेला चहा प्यायला, आणि विलासच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू कायबी काळजी करू नको, म्या इकतो."

पुढे काही दिवस विलास रोज शेडमध्ये बसून पात्याने रंग खरवडत होता. वीतभर जागा उघडी झाली. खाली लाकूड दिसलं, पण लांबी रेषांमध्ये आत शिरली होती आणि गळा घासून पातळ झाला होता. एके दिवशी मामा आला आणि म्हणाला, बँजो पार्टीवाला घेतोय, देऊ का. विलास शेडमधून बाहेरही न येता म्हणाला, "घेऊन जा." मी तिथेच होते. मी मामाला अडवायला गेले तर विलास म्हणाला, "राहू दे गं अक्का." त्याने आत शेडचा दिवा मालवला. त्यानंतर ती शेड आई लाकडं ठेवायला वापरते आणि विलास अजून पाळीला जातो.

मामाला मी शेवटचं पाहिलं ते सुप्याला, नात्यातल्या एका लग्नात. वरात निघाली होती. पुढे बँजोची गाडी, तिच्यावर दिव्यांच्या माळा, आणि पुढच्या कठड्याशी, सगळ्यांना दिसेल असा, तो लाल बेस. खरवडलेल्या वीतभर जागेवर देवाचं स्टिकर चिकटवलेलं. त्याला कुठलीही वायर जोडलेली नव्हती. एक माणूस तो गळ्यात घालून नुसते हात हलवायचा, आवाज दुसऱ्याच पेटीतून यायचा. मी विलासचा दंड धरला आणि म्हणाले, आपण जेवून मागच्या मागे निघू.

तेवढ्यात जनरेटर बंद पडला. वरात थांबली, नाचणारे थांबले, दिवे गेले. मामा गाडीशीच उभा होता, दोन पाहुण्यांना घेऊन. ते श्रीगोंद्याकडचे, त्यांचीही बँजो पार्टी होती. मामाने आम्हाला पाहिलं आणि सगळ्या वरातीला ऐकू जाईल असा ओरडला, "ह्यो बघा आमचा विलास! ह्यानं केलाय ह्यो! ह्येच्या हातासारका हात जिल्ह्यात न्हाई!" माणसं वळून बघायला लागली. इतक्या लोकांसमोर विलासचं नाव घेऊन, हे यानं केलं, असं सांगणारा आजवर एकच माणूस निघाला, आणि तो हा. मला रस्त्यात थुंकावंसं वाटलं.

"विलास, ये हिकडं," मामा म्हणाला. "ह्यास्नी आजून एक पायजे. फक्त लाल नको म्हनत्यात, हिरवा पायजे. करशील ना रं?"

मला वाटलं विलास वळून निघून जाईल, किंवा निदान आता तरी मामाच्या अंगावर जाईल. तो सरळ गाडीपाशी गेला. त्या माणसाच्या गळ्यातून बेस काढून घेतला, गाडीच्या कठड्यावर बसला आणि गोंडे बाजूला सारून खुंट्या पिळायला लागला. तारांना गंज चढला होता. त्याने लाकडावर कान टेकला, डोळे मिटले आणि एक एक तार छेडत राहिला. मामा त्याच्या डोक्याशी उभा राहून पाहुण्यांना सांगत होता, बघा, सोता कारागीर लावून देतो, असा माल कुटं मिळंल. विलास डोळे न उघडता म्हणाला, "मामा, गप्प बस. ऐकू येत नाही."

मामा गप्प बसला. बसला म्हणजे काय, दोन्ही हात वर करून त्याने अख्खी वरात गप्प केली. "गप रं समदी! कारागीर ऐकतोय!" आणि खरंच सगळे गप्प झाले. नवरदेवाच्या घोडीचा लगाम वाजला तोही ऐकू आला. विलासने खुंटी पिळली, छेडली, परत पिळली, गळ्यावर बोट सरकवलं. मी इतक्या वर्षांत देवाकडे फार कमी वेळा काही मागितलंय.

विलासने कान काढला. बेस त्या माणसाच्या हातात परत दिला, खाली उतरून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चल अक्का. नाही लागत आता तो सुरात."

आम्ही चालायला लागलो. मी एकदा वळून पाहिलं. जनरेटर सुरू झाला होता, माळा लागल्या होत्या, मामाच्या तोंडावर लाल-हिरवा उजेड पडला होता. पाहुण्यांच्या खांद्यांवर हात टाकून, आनंदाने ओला झालेला चेहरा त्यांच्याजवळ नेऊन तो म्हणत होता, "लागला! ऐकलं न्हवं तुमी? एकदम लागला!" आणि त्या दोघांतल्या एकाने मान डोलावली.